भाकरी करपते का?

बाईंनी पहिल्या दिवशी माझ्या हातात जो कागद दिला, त्यावर इंग्रजीत नऊ वाक्यं होती. डिसेंबर २०१०. मी मानसशास्त्रात एम.ए. करून नुकतीच बाहेर पडले होते आणि त्यांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून रुजू झाले होते. "मराठीत कर," एवढंच म्हणाल्या. "आणि मला काही विचारू नकोस."

आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. डॉक्टर म्हटलेलं त्यांना चालायचं, मॅडम म्हटलेलं आवडत नसे. स्वतःचं नाव छापून आलेलं तर मुळीच नाही. म्हणून इथेही ते लिहीत नाही.

ती नऊ वाक्यं म्हणजे पीएचक्यू-९. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोंके यांनी तयार केलेली नैराश्य मोजायची ही प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरात आहे. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं नऊ त्रासांबद्दल विचारायचं. अजिबात नाही म्हटलं तर शून्य, काही दिवस म्हटलं तर एक, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर दोन, जवळजवळ रोज असेल तर तीन. बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा त्याहून जास्त झाली, की त्या माणसाची डॉक्टरांकडून नीट तपासणी व्हायला हवी. पाच मिनिटांचं काम. दुपारच्या चहाच्या आत माझं भाषांतर तयार होतं.

बाईंनी ते वाचलं, काही बोलल्या नाहीत. झाडलोट करणाऱ्या मावशी समोरच होत्या. "मावशी, जरा बसा. ही तुम्हाला काही विचारतेय."

मी पहिलं वाक्य वाचलं. "कार्यात रस किंवा आनंद वाटत नाही, असं झालंय का?"

मावशी म्हणाल्या, "कार्य झालं की, ताई. मोठीचं. मे महिन्यात."

मावशींच्या बोलण्यात कार्य म्हणजे लग्नकार्य. माझ्याही घरी तोच अर्थ होता. तरी कागदावर लिहिताना मी तो विसरले होते. बाई हसल्या नाहीत. मावशींच्या लेकीचं सासर कुठलं, ती कशी आहे, हे सगळं विचारून झालं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता सुरुवात झाली."

पुढचे आठ महिने त्या नऊ वाक्यांत गेले. या कामाची एक ठरलेली रीत असते. आधी दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, मग दोन्ही समोर ठेवून एक करायचं. ते मराठी अशा माणसाला द्यायचं, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही. त्याने ते पुन्हा इंग्रजीत आणायचं. आमच्याकडे हे काम एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांनी केलं. परत आलेलं इंग्रजी मुळाशी ताडून पाहिलं, की आपण कुठे घसरलो ते दिसतं. नववा प्रश्न जगणं नको वाटण्याबद्दलचा, मरणाच्या विचारांबद्दलचा. तिथे मी 'जीव नकोसा होणे' असं लिहिलं होतं आणि मला ते फार नेमकं वाटत होतं. सरांकडून परत आलं ते साधारण 'वैतागून जाणे' या अर्थाचं. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. एप्रिलमध्ये उकाड्याने माझा रोज जीव नकोसा होतो. म्हणून मी काही मरायला निघत नाही."

पण बाईंच्या मते ही रीत म्हणजे नुसता उंबरठा. खरं काम घराघरांत होतं. आमचा अभ्यास सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात होता. पावसाच्या सावलीतला दुष्काळी पट्टा. बाजरी, ज्वारी, शेळ्या-मेंढ्या, आणि घरातला कर्ता माणूस मुंबईला नाहीतर ऊसतोडीला. दहिवडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. एकीत आम्ही मुली, दुसरीत कागदपत्रं आणि बाई. बाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या, गुडघे दुखायचे, तरी आठवड्यातले चार दिवस त्या तिथे असत.

त्यांच्याकडे किराणा दुकानात असतं तसं एक लांबडं, लाल कापडी बांधणीचं रजिस्टर होतं. पानावर वरती प्रश्नाचा आकडा. त्याखाली बायकांनी स्वतःहून उच्चारलेले शब्द, जसेच्या तसे, आणि पुढे तारीख. नाव कधीच नाही. ते रजिस्टर उघडलं की अजूनही मला ते आवाज ऐकू येतात. 'जीव लागत न्हाय कशात.' 'डोस्क्यात इचार फिरत्यात, जात्यावानी.' 'काळीज उडतंय.' 'कुणी बरं बोललं तरी रडू येतं.' तोच शब्द आम्ही न सुचवता तीन वेगवेगळ्या गावांत कानावर पडला, तरच बाई त्याच्यापुढे बरोबरची खूण करायच्या. 'उदास' या शब्दापुढे ती खूण फार उशिरा आली. 'खिन्न' तर कुणाच्याच तोंडून आला नाही. 'टेन्शन' मात्र पहिल्या आठवड्यातच तीन गावांत आला, तेव्हा माझी कुरकुर सुरू झाली, हा काय मराठी शब्द आहे का. बाईंनी शांतपणे खूण केली. "तिचा शब्द आहे ना? मग आपला."

सातव्या प्रश्नाने आम्हाला सगळ्यात जास्त फिरवलं. तो लक्ष न लागण्याबद्दल आहे आणि मुळात उदाहरण दिलंय ते वर्तमानपत्र वाचण्याचं किंवा टीव्ही पाहण्याचं. ज्या घरांत आम्ही बसत होतो तिथल्या कित्येक बायकांना वाचता येत नव्हतं, आणि टीव्ही असला तरी तो बघत बसायला वेळ कुणाला? "पेपर वाचताना लक्ष लागतं का" म्हटल्यावर त्या "न्हाय" म्हणायच्या आणि आमच्या कागदावर तीन गुण चढायचे. म्हणजे निरक्षर असणं हेच आजाराचं लक्षण होऊन बसत होतं.

एका दुपारी आम्ही एका घरात चुलीपाशी बसलो होतो. सून भाकऱ्या थापत होती, सासू कौतुकाने आणि काळजीने दोन्ही बोलत होती. "लई गुणाची हाय. पर आताशा ध्यानच नसतंय. भाकरी तव्यावर करपून काळी हुतीया, वास आमाला बाहेर येतोय, ती तितंच बसलेली आसती, हिला पत्त्या न्हाय." सून मान खाली घालून परातीतल्या पिठावर हात फिरवत राहिली. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. बाईंनी तो पाहिला, मी पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी दाखवून दिलं.

मला वाटलं, झालं, सातवा प्रश्न सापडला. बाई म्हणाल्या, "थांब. भाकरी माझीही करपते. आधी करपत नव्हती आणि आता करपते, असं आहे का, हे कळलं पाहिजे." मग आम्ही ते वाक्य वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरांतल्या बायकांपुढे ठेवून पाहिलं. प्रश्न विचारायचा आणि मग, "मी आत्ता काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा" असं म्हणायचं. बाळंतीण सहा आठवडे चुलीकडे जातच नाही, तिला दुसरं काहीतरी विचारायला हवं. एकत्र कुटुंबात थोरली जाऊ भाकऱ्या करते, धाकटी भांडी घासते. आणि पुरुषांचं काय? ते एका म्हाताऱ्या बाबांनी सोडवलं. पोराबद्दल सांगत होते, "दारं धराय लावलं, तर पाणी फुटून तिसऱ्याच वाफ्यात, आन् ह्यो बांधावर तसाच हुबा." दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याला वळवणं. पुरुषांसाठी तेच घेतलं. तालुक्यात दारं धरण्याइतकं पाणी वर्षातले काहीच महिने असतं, ही अडचण पुढे आलीच. पण दारं धरणं ज्याला माहीत नाही असा माणूस तिथे भेटत नव्हता.

'दोन आठवडे' हेही कुणाला मोजता येत नव्हतं, म्हणजे आमच्या पद्धतीने. गावातल्या आठवडी बाजारावर मोजलं की लगेच जमायचं. 'मागल्याच्या मागल्या बाजारापासून.' आठव्या प्रश्नात माझा 'मंद' शब्द एका आजींना शिवीसारखा लागला, तो गेला.

भुकेचा प्रश्न सोपा वाटला होता. जेवण कमी झालंय का? हो. किती दिवस? रोज. बेरीज वाढली. बाईंनी रात्री कागद बघताना तो आकडा पाहिला आणि विचारलं, "भूक लागत नव्हती, की ताटात नव्हतं?" दुसऱ्या दिवशी परत गेलो. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, आणि त्या महिन्यात मागे फार उरत नव्हतं. शिवाय सोमवार आणि गुरुवार उपास. भूक तिला चांगली लागत होती. तेव्हापासून तो प्रश्न 'जेवण समोर असूनही खावंसं वाटत नाही' असा झाला. गरिबी आणि आजार यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, आणि गरिबीतून आजार होतो हे विसरायचंही नाही, या दोन्ही गोष्टी बाई एका वेळी धरून असत. मला आधी वाचायला त्यांनी गोव्यातला बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अभ्यास दिला होता, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, २००२चा. त्यात सुमारे २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं होतं. घरची गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, या सगळ्याचा त्याच्याशी संबंध दिसला होता.

सहावा प्रश्न अपयशाचा. "अपयशी" म्हटलं की बायका म्हणायच्या, "शाळंतच गेलो न्हाय, नापास कशी हुणार?" त्यांचा शब्द वेगळा होता. एक विधवा मुलगी, जेमतेम पंचविशीची, म्हणाली, "मी पांढऱ्या पायाची." मी तो रजिस्टरात भराभर लिहून घेतला, मोठं घबाड मिळाल्यासारखा. बाईंनी बराच वेळ त्यापुढे खूण केली नाही. शेवटी म्हणाल्या, "हे तिला वाटतंय, की तिला सांगितलं गेलंय? लोक रोज म्हणतात म्हणून ती बोलत असेल, तर आजारी ती नाही." मग त्या प्रश्नाखाली आम्ही एक जोडप्रश्न घातला, लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवा, तुमच्या मनाला काय वाटतं? त्या मुलीला बाईंनी स्वतः तो विचारला. ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या मनाला कुणी इचारलंच न्हाय आजवर."

आता नववा प्रश्न. हे लिहायला मी पुष्कळ दिवस टाळत होते.

तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा होता, भारतीय दंडसंहितेचं ३०९ कलम. गावात कलमाचा आकडा कुणाला ठाऊक नसला, तरी पोलीस येतात हे ठाऊक होतं. त्यामुळे हा प्रश्न आला की बायका दाराकडे बघायच्या. आम्ही पुष्कळ खटपट करून वाक्य ठरवलं होतं, 'आपण नसतो तर बरं झालं असतं, किंवा स्वतःचं काही बरंवाईट करावं, असं मनात येतं का?' एका घरी, मे महिन्यात, चाळिशीच्या एका बाईंनी त्यावर सरळ माझ्याकडे बघून सांगितलं, येतं. निम्म्याहून जास्त दिवस येतं. मी दोनचा आकडा लिहिला. त्यांचे आभार मानले. त्यांनी दिलेलं ताक प्यायले आणि पुढच्या घरी गेले. त्या दिवशी मला आणखी चार घरं करायची होती.

रात्री बाई नेहमीप्रमाणे ट्यूबच्या उजेडात कागद तपासत होत्या. त्यांचा हात थांबला.

"या बाई आत्ता कुठे आहेत?"

"घरी."

"तुला कसं माहीत?"

मला उत्तर देता आलं नाही. बाई उठल्या, चप्पल घातली आणि जीपवाल्या मामांना हाक मारली. साडेनऊ वाजून गेले होते. वाटेत कुठे वीज नव्हती. अर्ध्या तासाच्या त्या रस्त्यात त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि मी मनातल्या मनात ते घर, तो ओटा, ताकाचा पेला, पुन्हा पुन्हा बघत होते.

ती माउली घरी होती. जागे होते सगळेच, उकाड्याने बाहेर बाजा टाकून. बाईंनी आधी पाणी मागितलं. गुडघेदुखीची तक्रार केली, दुष्काळाचं विचारलं. मग "जरा गुरं दाखवा तुमची" म्हणून त्या माउलीला गोठ्याकडे घेऊन गेल्या, मलाही खुणेने बोलावलं. तिथे कंदिलाच्या उजेडात त्यांनी सगळं सरळ विचारलं. मरावंसं वाटतं का? कसं मरायचं हे मनात ठरलंय का? ते घरात आहे का? मला तोवर वाटत होतं की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. असं होत नाही, हे संशोधनातून अनेकदा दिसलेलं आहे. मी ते पुस्तकात वाचलंही होतं. पण त्या माउलीचे खांदे कसे खाली आले, श्वास कसा सुटला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. फवारणीच्या औषधाचा डबा कणगीमागे होता.

बाईंनी त्यांच्या परवानगीने नवऱ्याला आणि थोरल्या दिराला बोलावलं. कुणाला दोष दिला नाही. "ह्यांना बरं नाही. ताप आल्यावर जसं बरं नसतं, तसं. औषधाने आणि सोबतीने उतरेल. तोवर हा डबा या घरात नको." दिराने तो डबा उचलला, दोन घरं सोडून भावकीत एक लोखंडी पेटी होती, तिच्यात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. सकाळी आम्ही त्यांना जीपमधून साताऱ्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. गावातली आमची कार्यकर्ती ताई दर दोन दिवसांनी जाऊन बसत होती. तीन महिन्यांनी मी पुन्हा त्या घरी गेले तेव्हा त्या शेवया करत होत्या.

रात्री परत येताना जीपमध्ये बाईंनी एकच वाक्य उच्चारलं होतं. "जेवलीस का तू?"

दुसऱ्या दिवशी कागदाचं रूप बदललं. नवव्या प्रश्नाला शून्य सोडून कुठलाही आकडा आला, तर मुलाखत घेणारीने त्या घरातून हलायचं नाही. आधी बाईंना फोन. रेंज नसेल तर कार्यकर्तीला तिथे बसवून फोनपुरतं टेकडीवर जायचं.

पुढची पायरी शास्त्राची होती. आमची बेरीज आणि मनोविकारतज्ज्ञाने स्वतंत्रपणे केलेली तपासणी जुळते का? त्यांना आमचे आकडे दाखवायचे नाहीत, आम्हाला त्यांचं निदान सांगायचं नाही. त्यात बाई फार कडक होत्या. एकदा मी तज्ज्ञांना सहज म्हटलं, "यांची बेरीज जास्त आहे हं", तर बाईंनी ती मुलाखत अभ्यासातून काढून टाकली. उपचार अर्थातच चालू ठेवले.

मुक्कामाच्या रात्री जेवणं झाली की त्या गोष्टी सांगायच्या, आणि त्या गोष्टी बहुतेक आपल्या शास्त्राच्याच असत. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहायला कसं बोलावलं, ते त्या स्वतः तिथे असल्यासारख्या रंगून सांगत. दुसरी गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासाची. नऊ देश, १२०२ रुग्ण, भारतातलं केंद्र आग्र्याला. पुढे पाठपुराव्यात आग्रा आणि नायजेरियातलं इबादान इथले रुग्ण लंडन-मॉस्कोतल्या रुग्णांपेक्षा एकंदरीत बरे राहिलेले दिसले. कुणी त्यावर "आपली एकत्र कुटुंबपद्धती" असं म्हणालं, की बाईंचा चेहरा बदलायचा. "ज्या पाठपुराव्यात सापडल्याच नाहीत, त्या बायका कुठे गेल्या, ते आधी सांग." मला वाटतं, त्या रात्री दहिवडीहून निघताना त्यांनी जे विचारलं, तो हाच प्रश्न होता.

मी २०१४ला दुसरीकडे नोकरीला लागले, पण फोन चालू राहिला. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल आला तेव्हा त्यांनी मला रात्री दहाला उठवलं. १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार, आणि नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत शंभरातले ८५ जण उपचारांविना. "आणि पाहणी केलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नाही बरं का," असं म्हणून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. २०१८मध्ये नवा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. त्याचं ११५वं कलम म्हणतं, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालायचं, तिला शिक्षा करायची नाही. त्या दिवशी त्यांनी मला फोनवरून ते पूर्ण कलम वाचून दाखवलं, आणि म्हणाल्या, "आता दाराकडे बघायला नको त्यांना."

बाई २०२२च्या पावसाळ्यात गेल्या. थोडंसंच आजारपण. त्यांच्या भाचीने कपाट आवरताना मला बोलावलं आणि रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. ते मी कित्येक महिने उघडलं नाही.

गेल्या वर्षी माणमध्येच नव्या मुलींना मुलाखतीचं शिक्षण द्यायचं होतं. सातवा प्रश्न मी त्यांना मोठ्या अभिमानाने शिकवला. दुपारी त्यातली एक परत आली, जराशी संकोचून. "ताई, ती बाई म्हणते, भाकरीचं काय न्हाय, आता चपात्या, त्या पण गॅसवर. पण मोबाइलवर मालिका लावून बसते, संपली की कुणी विचारलं काय झालं, तर सांगता येत न्हाय."

"तिचे शब्द काय होते? तिचे."

तिने डोळे मिटून आठवलं. "'चित्र म्होरनं जात्यात, आत कायच उतरत न्हाय.'"

मी पिशवीतून रजिस्टर काढलं. सातव्या प्रश्नाच्या पानावर, भाकरीच्या खाली, अजून जागा होती. तारीख घातली आणि वाक्य उतरवून घेतलं. पुढची खूण केली नाही. अजून दोन गावं बाकी होती.